नकारावर सही कोणाची?

रास्त भावाच्या दुकानात महिन्याचे धान्य नेण्यासाठी आलेल्या एखाद्या वृद्ध स्त्रीचा अंगठा यंत्राच्या काचेवर उमटेनासा झाला म्हणजे तेथे जो प्रकार घडतो, तो महाराष्ट्रातील पुष्कळ गावी थोडा वेळ थांबणाऱ्यास पाहावयास मिळेल. ‘मावशी, अंगठा पुसून लावा,’ असे दुकानदार सांगतो. ती पदराला अंगठा पुसते आणि पुन्हा टेकवते. यंत्र पुन्हा नकार देते. ‘आता दुसरं बोट लावा.’ मग तर्जनी, मग मधले बोट, मग डावा हात. रांगेतील कोणी बोटाला जरा तेल चोळावयास सांगतो, कोणी ओले फडके पुढे करतो, आणि इतके सर्व करूनही जमले नाही की ‘तुमचा थंब लागत नाही, उद्या या बघू’ या शब्दांत त्या दिवसाचा निकाल लागतो. तिचे नाव, तिचे घर, घरी खाणारी तोंडे किती आणि मुलगा कोणत्या मुलखात ऊसतोडीला गेला आहे, हे दुकानदारास ठाऊक असते, रांगेतल्या शेजारणींना ठाऊक असते. परंतु त्या माहितीला तेथे काही किंमत उरलेली नसते, कारण धान्य द्यावयाचे की नाही हे ठरविण्याचा अखत्यार त्या खोलीतील कोणाही मनुष्याला आपल्याकडे आहे असे वाटत नाही.

हा नकार तयार कसा होतो हे नीट समजून घेतले पाहिजे. बोटाच्या टोकावरील बारीक रेषा कोठे संपतात आणि कोठे दुभंगतात याच्या खुणा यंत्र टिपते. त्या खुणांचा आराखडा दूरच्या केंद्रीय भांडाराकडे जातो, नोंदणीच्या वेळी घेतलेल्या ठशाशी ताडला जातो आणि दोहोंत साम्य किती याचे गुण काढले जातात. एकाच बोटाचे दोन ठसेदेखील तंतोतंत सारखे कधी उमटत नाहीत. म्हणून अमुक गुणांच्या वर गेले तर ओळख पटली आणि खाली राहिले तर पटली नाही, अशी एक सीमा कोणीतरी आधीच आखून ठेवावी लागते. ती सीमा वर नेली तर तोतयाला धान्य मिळण्याचा संभव घटतो, पण खऱ्या हक्कदाराला रिकाम्या पिशवीने परत जावे लागण्याचा संभव वाढतो. ती खाली आणली तर याच्या उलट घडते. दोन्ही चुका एकाच वेळी नाहीशा करील अशी सीमा कोणत्याही तंत्रज्ञास सापडलेली नाही. यांपैकी कोणती चूक समाजाने अधिक सोसावी, हा प्रश्न गणिताच्या वेषात आलेला नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर यंत्र सुरू होण्यापूर्वीच कोणा माणसाने दिलेले असते. दुकानापर्यंत मात्र ते गुण पोहोचत नाहीत. पोहोचतो तो केवळ होकार अथवा नकार. शिवाय ज्या हातांच्या रेषा झिजतात ते हात कोणाचे असतात हेही सर्वांस दिसते आहे. सिमेंट कालविणारे, विटा उचलणारे, कोयता चालविणारे, वयाने त्वचा सुकून गेलेले हे हात. म्हणजे ज्यांना शिध्याची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच ही परीक्षा सर्वांत कठीण जाते.

आधार क्रमांकाचे वाटप देशात प्रथम झाले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, 29 सप्टेंबर 2010 रोजी, आणि ज्यांच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही अशा माणसाला सरकारदरबारी ओळख मिळवून द्यावी, हा त्यामागे जाहीर केलेला हेतू उदात्त होता. शिधावाटपात यंत्र आले त्यालाही सबळ कारणे होती. नसलेल्या माणसांच्या नावे शिधापत्रिका काढणे, गोदामातून निघालेले धान्य वाटेतच खुल्या बाजारात विकणे, अडाणी कार्डधारकास ‘या महिन्याचा कोटा आलाच नाही’ म्हणून वाटेला लावणे, हे सारे करणारी माणसेच होती, यंत्रे नव्हती, हे विसरून चालणार नाही. तथापि 2016-17 च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालातच ओळख न पटण्याचे प्रमाण झारखंडात 49 टक्के आणि राजस्थानात 37 टक्के असल्याची नोंद आली. हे प्रमाण पुढे खूप खाली आले असे धरले, शंभरांत एकावर आले असे मानले, तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या सुमारे 80 कोटी लोकांत तो एक टक्का म्हणजे 80 लाख माणसे होतात. यंत्रामुळे कोणालाही धान्य नाकारू नये, ठसा न जुळल्यास दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून वहीत तशी नोंद करावी, अशी सूचना आधार प्राधिकरणाने ऑक्टोबर 2017 मध्ये दिली. सूचना योग्य होती, स्पष्ट होती. परंतु अपवादाच्या वहीत नाव लिहिणाऱ्या दुकानदारावर ‘याच्याकडेच इतके अपवाद का?’ असा संशय येऊ शकतो, आणि ‘उद्या या’ म्हणणाऱ्यावर कसलाही ठपका येत नाही. जेथे दयेला जाब द्यावा लागतो आणि नकाराला द्यावा लागत नाही, तेथे साधासुधा, पापभीरू मनुष्यही हळूहळू नकाराकडेच झुकतो.

ही प्रवृत्ती यंत्रयुगात जन्मली असे मात्र नाही. सर रिचर्ड टेम्पल या अंमलदाराचे चरित्र या दृष्टीने फार उद्बोधक आहे. 1873-74 मध्ये बिहारात अवर्षण पडले तेव्हा त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून, सढळ हाताने वाटून, मनुष्यहानी जवळजवळ होऊच दिली नाही. आणि या कामगिरीबद्दल त्यांच्या पदरी काय पडले, तर सरकारचा पैसा उधळल्याचा दोषारोप. त्यानंतर 1876-77 मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांत महाभयंकर दुष्काळ पडला आणि व्हाइसरॉय लिटन यांनी देखरेखीसाठी पाठविले ते याच टेम्पलसाहेबांना. या खेपेस त्यांनी काटकसरीचा कित्ता असा गिरविला की, दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि एक आणा, आणि स्त्रिया व मुले यांना त्याहून कमी, असा दर ठरला. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही असे सप्रमाण बजावले; पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अर्जावर अर्ज पाठविले. मनुष्य तोच, बुद्धी तीच, उपासमारीचे दृश्यही डोळ्यांदेखत तेच. पालटले होते ते एवढेच की, पहिल्या वेळच्या करुणेबद्दल त्याला शिक्षा झाली होती आणि ती त्याच्या लक्षात राहिली होती. अंमलदाराच्या अंतःकरणाविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या वरिष्ठांनी कोणत्या कृत्याला बक्षीस दिले आणि कोणत्या कृत्याला दंड केला हे पाहावे, असे मला हा प्रसंग वाचताना प्रत्येक वेळी वाटते.

आणि तरीही नियमाची बाजू घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. याच दुष्काळानंतर 1880 च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. 1896 साली पुन्हा पाऊस ओढ देऊन गेला, तेव्हा टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते यांनी याच संहितेतील तरतुदी मराठीत छापून खेडोपाडी नेल्या आणि पीक बुडाले असता साऱ्याची सूट वा तहकुबी मागणे हा सरकारच्याच कायद्याने दिलेला हक्क आहे, ते भीक मागणे नव्हे, हे कुणब्यास समजावून दिले. नियम लिहिलेला होता म्हणूनच मामलेदारासमोर हात न जोडता ताठ उभे राहता आले. ज्याच्यामागे ओळख नाही, वशिला नाही, जात नाही, त्याला अंमलदाराच्या मर्जीपेक्षा छापील कलम केव्हाही जवळचे. म्हणून नियम टाकून द्या आणि माणसाच्या हृदयावर सारे सोपवा, असे जे कोणी सांगतात त्यांनी त्या हृदयात कोणाकोणाला सहज प्रवेश मिळत आला आहे याचाही विचार करावा.

परंतु कलम कितीही सदय असले तरी त्यात भरावयाचा आकडा कोणीतरी पाहून लिहावा लागतो. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा सारा संपूर्ण तहकूब करावा असा नियम होता. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात गांधीजींच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला त्याचे मूळ या नियमाच्या विरोधात नव्हतेच. शेतकरी म्हणत होते की पीक चार आण्यांच्या आत आहे, आणि सरकारी दप्तर म्हणत होते की ते चार आण्यांच्या वर आहे. ज्याच्या शेतात पाणी साचून कणसे कुजली त्याचे आणि ज्याचे शेत उंचावर होते म्हणून वाचले त्याचे पीक एका गावच्या आणेवारीत मिसळून गेले, की कागदावर गावाचे पोट भरते आणि कुजलेल्या शेताचा धनी मात्र उपाशी राहतो. सरासरी काढणे म्हणजे असत्य बोलणे नव्हे. पण ती एका विशिष्ट माणसावर लादली की असत्याइतकीच घातक ठरू शकते. ऑस्ट्रेलियात घडलेली गोष्ट याच जातीची आहे.

त्या देशात बेकारांना, विद्यार्थ्यांना आणि अपंगांना दर पंधरवड्याच्या मिळकतीनुसार सरकारी साहाय्य मिळते. ज्या पंधरवड्यात कमाई झाली त्यात ते कमी होते, नाही झाली त्यात पूर्ण मिळते. कोणी कमाई दडवून जास्त पैसे घेतले आहेत काय हे शोधण्यासाठी करखात्याकडील वार्षिक मिळकतीचे आकडे ताडून पाहण्याची वहिवाट जुनीच होती. परंतु पूर्वी दोन आकड्यांत तफावत दिसली की एक कर्मचारी ते प्रकरण हाती घेई, मालकाकडे विचारपूस करी, पगाराच्या चिठ्ठ्या मागवी आणि मगच वसुलीचा निर्णय होई. 2016 च्या मध्यापासून हा कर्मचारी मधून काढून टाकण्यात आला. यंत्राने वर्षाच्या मिळकतीला 26 पंधरवड्यांनी भागावे, आलेला भागाकार प्रत्येक पंधरवड्याची खरी कमाई समजावी, आणि ती माणसाने कळविलेल्या कमाईशी जुळली नाही तर थेट पत्र धाडावे, अशी योजना झाली.

हा भागाकार माणसाचे काय करतो ते पाहू. समजा, एका तरुणाला जुलैपासून डिसेंबरपर्यंत काम नव्हते आणि त्याने साहाय्य घेतले; जानेवारीत त्याला नोकरी लागली आणि जूनपर्यंतच्या 13 पंधरवड्यांत त्याने दर पंधरवड्यास 2,000 डॉलर याप्रमाणे 26,000 डॉलर मिळविले. त्याने प्रत्येक पंधरवड्याचा खरा हिशेब दिलेला आहे. यंत्र 26,000 ला 26 ने भागते आणि म्हणते की, बेकारीच्या दिवसांतही तू दर पंधरवड्यास 1,000 डॉलर मिळवीत होतास आणि ते तू लपविलेस. ज्याने काहीही लपविले नाही, तो एका भागाकाराने अपराधी ठरला. आता आपण निरपराध आहोत हे दाखविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच. कित्येक वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे त्याने पैदा करावेत, मालकाचे दुकान बंद पडले असेल तर त्याने त्याचे काय ते पाहावे. सुरुवातीच्या पत्रांवर या प्रकरणांसाठी नेमलेल्या मदतकक्षाचा दूरध्वनी क्रमांकसुद्धा छापलेला नव्हता, म्हणजे ‘साहेब, मी त्या काळात बेकार होतो’ एवढे वाक्य जिवंत माणसाच्या कानी घालण्याचीही सोय सुखासुखी उरली नव्हती. पुष्कळांनी उसनवारी करून नसलेले देणे फेडले. काहींनी जीव दिला, आणि त्यांच्या मातांनी पुढे चौकशी आयोगासमोर येऊन साक्ष दिली.

अशी सरासरी कायद्यात बसत नाही असे मत सरकारी कायदेतज्ज्ञांनी 2014 सालीच दिलेले होते. तरी नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्रीय न्यायालयात सरकारला हार मानावी लागेपर्यंत तगादे चालू राहिले. मे 2020 मध्ये 4,70,000 वसुल्या रद्द करून सुमारे 72 कोटी 10 लाख डॉलर परत करण्याची घोषणा झाली, आणि जुलै 2023 मध्ये कॅथरिन होम्स यांच्या आयोगाने ही सारी योजना निर्दय आणि बेकायदा असल्याचा निर्वाळा दिला. मला यातील सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो तो त्या काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचा. तो काही संतपुरुष नव्हता. समोरच्याच्या दुःखाने तो प्रत्येक वेळी विरघळत असेल असेही नाही. पण मालकाला विचारणे, चिठ्ठी मागविणे, ‘या माणसाच्या बाबतीत नेमके काय झाले?’ असा प्रश्न करणे, हे त्याच्या रोजच्या कामात होते. राज्यकारभारात सहानुभूती ही बहुतेक वेळा याच रूपात नांदते. ती डोळ्यांत पाणी आणीत नाही. ती चौकशी करते. आणि चौकशी ही वेळखाऊ, खर्चिक वाटते म्हणूनच ती सर्वांत आधी कापली जाते.

नेदर्लंड्सचे उदाहरण याला दुसरी बाजू जोडते. तेथे मुलांना पाळणाघरात ठेवणाऱ्या आईबापांना सरकारी भत्ता मिळे आणि खर्चाचा काही वाटा त्यांनी स्वतः भरावा अशी अट होती. त्या वाट्यातील थोडी रक्कम भरल्याचा पुरावा नसला, तर करखाते तेवढ्यापुरता भत्ता न कापता संपूर्ण वर्षाचा भत्ता परत मागे. शेकड्यांची चूक आणि दहा हजारांची वसुली. कोणाची तपासणी करावयाची हे निवडताना यंत्रातील जोखीम-गणितात अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही एक निकष होता. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय समितीने यावर कडक अहवाल दिला आणि 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. फसवणुकीचा खोटा ठपका बसलेल्या पालकांची संख्या त्या वेळच्या अंदाजाने सुमारे 26,000 होती. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, यंत्राने माणसे निवडली असली तरी ‘सर्व किंवा काहीच नाही’ हा कायद्याचा अर्थ माणसांनी लावला होता, आणि त्या देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनाने ऑक्टोबर 2019 पर्यंत तो वर्षानुवर्षे उचलून धरला होता. त्या आसनाने पुढे आपली चूक जाहीरपणे मान्य केली. ज्यांना प्रश्न विचारण्याची पूर्ण मुखत्यारी होती, त्या विद्वान न्यायाधीशांनीही ती वापरली नाही. तेव्हा यंत्राच्या जागी माणूस बसविला की काम झाले, असे समजण्यात अर्थ नाही.

अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या उंचसखल अंगाप्रमाणे वाकते, आणि कायदा सर्वसामान्य शब्दांत लिहावा लागत असल्यामुळे जेथे तो एखाद्या प्रकरणात चुकतो, तेथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने जे म्हटले असते त्याप्रमाणे त्याला वाकवून घ्यावे, असा त्याचा अभिप्राय आहे. वाकली तरी ती मोजपट्टीच राहते, तिने मोजणे सोडलेले नसते, हा त्यातला विशेष. आपल्याकडे दामाजीपंतांची कथा घरोघर सांगितली जाते. बहामनी अमलात मंगळवेढ्याच्या या अंमलदाराने दुष्काळात बादशाही कोठारे उघडली आणि विठोबाने विठू महार होऊन बेदरास जाऊन धान्याची रक्कम भरली. ही कथा ऐकताना आपले लक्ष कोठारे उघडण्याकडे जाते. पण कथा रचणाऱ्या लोकमानसाने भरणा चुकता करून त्याची पावती आणण्याचे कामही विसरू दिलेले नाही. दयेने दिलेल्या धान्याचीही नोंद असली पाहिजे, तिचा जाब देता आला पाहिजे, ही जाण त्या कथेत आहे, आणि ज्या अंमलदाराजवळ दैवी साहाय्य नसते त्याच्यासाठी ती सोय कायद्यानेच करून ठेवावयास हवी.

युरोपात मे 2018 पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या 22 व्या कलमाने, ज्याचे परिणाम माणसाला गंभीरपणे भोगावे लागतात असा निर्णय सामान्यतः केवळ यंत्राने घेऊ नये आणि घेतला तर माणसाकडे दाद मागता यावी, असे ठरविले आहे. आपल्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी तरतूद नाही, आणि ती असावी असे मला निश्चितपणे वाटते. मात्र ती येताना निव्वळ ‘माणसाचा हस्तक्षेप’ एवढ्या शब्दांवर थांबू नये. दिवसाकाठी शेकडो प्रकरणांवर यंत्राने सुचविलेल्या निकालाखाली शिक्का मारणारा कारकून हा माणूस असला तरी त्याच्या हातून विचार घडत नाही. यंत्राचे म्हणणे चुकीचे ठरविण्यास कारणे द्यावी लागतात आणि बरोबर ठरविण्यास लागत नाहीत, तोवर तो बरोबरच ठरवीत राहणार. हे पारडे उलटे करता येईल. यंत्राला होकार देण्याची पूर्ण मोकळीक असावी. ज्याचा ठसा जुळला, ज्याचे कागद पुरे आहेत, त्याला क्षणात धान्य, भत्ता, दाखला मिळावा, त्यासाठी कोणा साहेबाची वाट पाहावी लागू नये. परंतु नकार, कपात आणि वसुली यांवर एका नामनिर्देशित अंमलदाराची सही असावी, त्याने त्या माणसाचे म्हणणे ऐकल्याची नोंद करावी आणि नाकारण्याचे कारण आपल्या शब्दांत लिहावे, आणि अपवाद मंजूर केल्याबद्दल त्याच्याकडे जेवढा खुलासा मागितला जातो तेवढाच नकाराबद्दलही मागितला जावा.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा की, इतकी माणसे आणावयाची कोठून? ऑस्ट्रेलियात माणूस प्रकरणे पाहत होता तेव्हा वर्षाला सुमारे 20,000 तपासण्या होत; तो गेल्यावर आठवड्याला 20,000 पत्रे निघू लागली. या दोन आकड्यांतील अंतर हीच यंत्राची कमाई म्हणून तेव्हा सांगितली गेली. नकारावर सहीची अट घातली तर हा वेग राहणार नाही हे उघड आहे. एका अंमलदाराला दिवसात जेवढी माणसे खरोखर ऐकून घेता येतील तेवढेच नकार एका दिवसात निघतील, आणि अधिक नकार काढावयाचे असतील तर सरकारला अधिक अंमलदार नेमून त्यांचे पगार अंदाजपत्रकात मांडावे लागतील.